दोन नळ्यांची अदलाबदल
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कमिटीनं मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा "मुलांचा आहार" किंवा "मुलं आणि मोबाइल" असं काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटलं, "मोठ्या रक्तवाहिन्यांचे जन्मजात दोष." त्यावर फोनवर जरा शांतता पसरली. मग सेक्रेटरी साहेब म्हणाले, "डॉक्टर, रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी आनंदाचं घ्या ना."

आनंदाचंच घेतलंय. ज्या दोषांमध्ये माझ्या गुरूंच्या पिढीला हात चोळत बसावं लागायचं, त्यातली बहुतेक मुलं आज शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, आईबापांना छळतात. पण त्याला एक अट आहे. दोष वेळेत लक्षात यायला हवा, आणि वेळेत म्हणजे काही वेळा जन्मानंतरच्या दोनचार दिवसांत. त्या दिवसांत बाळाजवळ मोठा डॉक्टर नसतो. आई असते, आजी असते, मालिशवाली बाई असते. म्हणून हा विषय मेडिकल कॉलेजात जितका बोलायला हवा, तितकाच इथेही बोलायला हवा. शिवाय आपल्या तीन विंग मिळून सध्या चार घरांत पाळणा हलायचाय, हे महिला मंडळाकडून मला पक्कं कळलंय.

आधी हृदय. आपला पंपरूम सगळ्यांनी पाहिलाय, निदान पाणी आलं नाही की सगळे तिथेच जमतात. समजा त्या खोलीत दोन पंप एकमेकांना चिकटून बसवलेत आणि मध्ये एकच भिंत आहे. उजवा पंप वापरलेलं पाणी शुद्धीकरणाच्या टाकीकडे ढकलतो. शुद्ध झालेलं पाणी डाव्या पंपाकडे येतं आणि तो ते सगळ्या मजल्यांवर चढवतो. हृदय तसंच. उजव्या बाजूनं निघते ती फुप्फुसधमनी, ती वापरलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते. डाव्या बाजूनं निघते ती महाधमनी, ती प्राणवायू भरलेलं रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवते. नवजात बाळाचं हृदय त्याच्याच मुठीएवढं असतं. त्यातून निघणाऱ्या या दोन नळ्या करंगळीपेक्षाही बारीक. आजचं सगळं बोलणं या दोन नळ्यांबद्दल आणि त्यांच्या फाट्यांबद्दल आहे.

जन्मजात हृदयदोष साधारण हजारात आठनऊ बाळांत सापडतात. आपल्या देशात वर्षाला दोन लाखांहून जास्त बाळं असा दोष घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यातले पुष्कळसे दोष म्हणजे दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक, आणि त्यातली बरीच भोकं आपोआप बुजतात. मोठ्या धमन्यांचे दोष त्या मानानं दुर्मीळ. पण भिंतीचं भोक महिनोन्‌महिने वाट पाहू देतं, धमन्यांचे काही दोष तेवढी सवड देत नाहीत.

आता अदलाबदलीची गोष्ट. पंप बरोबर आहेत, भिंत बरोबर आहे, पण प्लंबरनं बाहेर जाणाऱ्या दोन नळ्या उलट्या जोडल्या. उजव्या पंपावर महाधमनी आणि डाव्यावर फुप्फुसधमनी. म्हणजे काय झालं? वापरलेलं रक्त पुन्हा शरीरातच फिरतंय आणि शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जातंय. दोन चाकं स्वतंत्र फिरताहेत, एकमेकांशी संबंधच नाही. असं बाळ जगूच शकत नाही, असं तुम्ही म्हणाल. पोटात असताना मात्र त्याला काही त्रास होत नाही, कारण तिथे फुप्फुसं बंदच असतात, प्राणवायू वारेतून येतो. त्यासाठी निसर्गानं दोन चोरवाटा ठेवलेल्या असतात. एक वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतली झडपेसारखी फट. दुसरी महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी छोटी नळी, तिला आम्ही डक्टस म्हणतो. बाळ जन्माला येतं, पहिला टाहो फोडतं, फुप्फुसं उघडतात, आणि आता या वाटांची गरज संपली म्हणून त्या मिटायला लागतात. डक्टस साधारण पहिल्या दोनतीन दिवसांत आकसते. निरोगी बाळासाठी ही उत्तम व्यवस्था आहे. पण ज्याच्या नळ्या उलट्या जोडल्यात, त्याचं रक्त जे थोडंफार मिसळत होतं ते या चोरवाटांतूनच. त्या मिटल्या की संपलं.

हे बाळ दिसायला कसं असतं? गुटगुटीत. वजन छान, बहुधा मुलगा, कारण हा दोष मुलग्यांत दोनतीन पटींनी जास्त दिसतो. रडणं ठीक. फक्त रंग बिघडत जातो. आणि रंगाच्या बाबतीत आपली फसगत होते. पाठ्यपुस्तकात "निळं बाळ" असं लिहिलंय, ती पुस्तकं गोऱ्या बाळांवर लिहिलेली. आपल्या सावळ्या बाळांत निळेपणा कातडीवर दिसतच नाही, करडी झाक दिसते. आजी म्हणते, "बापावर गेलाय." म्हणून बघायचं ते जिभेकडे आणि ओठांच्या आतल्या बाजूला. तिथे गुलाबी हवं. उलट, हातापायांचे तळवे पहिल्या दिवशी निळसर असले तर घाबरायचं कारण नाही, ते थंडीनं होतं आणि बहुतेक सगळ्या बाळांत होतं.

उपचार नसतील तर या दोषात पहिल्या आठवड्यातच तीनातलं एक बाळ जायचं, महिन्याभरात निम्मी, आणि वर्ष पाहणारी दहांतलं एखादं. मॅथ्यू बेली नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं १७९७ मध्ये या अदलाबदलीचं वर्णन केलं. त्यानंतर दीडशे वर्षं सगळ्यांना हा दोष माहीत होता आणि कुणालाच काही करता येत नव्हतं.

दीडशे वर्षांनंतर जे झालं त्यात एका माणसाचं नाव मला घ्यायचंय, कारण ते डॉक्टरांच्या यादीत सापडत नाही. व्हिव्हियन थॉमस. अमेरिकेतला कृष्णवर्णीय सुतार. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, मंदीत बँक बुडाली आणि पैसे गेले. मग आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या बाळांवरची पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली, हाताला रक्त पुरवणारी धमनी वळवून फुप्फुसधमनीला जोडायची. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून त्या बाळाच्या छातीवर बोटं ठेवून हृदय "वाचायच्या". आणि शस्त्रक्रियेची कृती कुत्र्यांवर शेकडो वेळा करून बसवली होती थॉमसनं. ऑपरेशनच्या वेळी तो ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कुठे घालायचा ते सांगत होता. ते ऑपरेशन अदलाबदलीवरचं नव्हतं, वेगळ्या दोषावरचं होतं. पण पुढे चारपाच वर्षांत थॉमसनंच वरच्या कप्प्यांमधली भिंत कापून चोरवाट मोठी करायची रीत प्रयोगशाळेत तयार केली, आणि ती अदलाबदलीच्या बाळांसाठी वापरली गेली. नळ्या उलट्या आहेत त्या राहू दे, निदान दोन्ही रक्तं मिसळू तरी दे, हा विचार. मेडिकल कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी न चढलेल्या थॉमसला त्याच हॉपकिन्सनं १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट दिली.

मग १९६६ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंडनं छाती न उघडताच ती भिंत फाडून दाखवली. नाभीतून किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, तिच्या टोकाचा फुगा भिंतीच्या पलीकडे फुगवायचा आणि झटक्यात मागे ओढायचा. ऐकायला रानटी वाटतं. पण काळवंडलेलं बाळ काही मिनिटांत डोळ्यांसमोर गुलाबी होतं, ते ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. आजही हे करतात, बहुतेकदा सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत, बाळाच्या खाटेवरच.

यानं वेळ मिळाला, दुरुस्ती झाली नाही. स्वीडनमध्ये सेनिंग आणि टोरांटोत मस्टर्ड यांनी वरच्या कप्प्यांतच रक्ताचे मार्ग बदलले. मुलं मोठी झाली, संसाराला लागली. पण फुप्फुसापुरतं रक्त ढकलायला बनलेला उजवा पंप जन्मभर सगळ्या शरीराचा भार उचलत राहिला आणि पुष्कळांत तो तिशी-चाळिशीत थकला. खरी दुरुस्ती म्हणजे नळ्या कापून योग्य जागी लावणं. ती अडली होती एका बारीक गोष्टीवर. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त देणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या बुंध्यातून निघतात. नवजात बाळात त्या एकदोन मिलिमीटर जाड. महाधमनी हलवली तर त्याही उचलून नव्या जागी शिवाव्या लागतात, आणि त्यात जरा पीळ पडला तर बाळाला टेबलावरच हार्ट ॲटॅक. हे १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये, साओ पावलोत, अदीब जातेने यांनी यशस्वी करून दाखवलं. पुढे ते त्यांच्या देशाचे आरोग्यमंत्रीही झाले. आज तेच ऑपरेशन जगभर होतं, आपल्या मुंबई-पुण्यातही होतं, आणि चांगल्या केंद्रांत शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास मुलं वाचतात.

पण इथे घड्याळ आहे. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरतो. डावा पंप उलट्या नळीमुळे फुप्फुसालाच रक्त देत असतो, म्हणून त्याला काम हलकं होतं आणि त्याचा स्नायू आठवड्याआठवड्याला पातळ होत जातो. बसून खाणाऱ्या पैलवानासारखं. तीनचार आठवडे उलटून गेल्यावर नळ्या बरोबर लावल्या, तर सगळ्या शरीराचा भार घ्यायची त्याची ताकदच उरलेली नसते. मग मधला एक टप्पा, आणखी एक ऑपरेशन, जास्त धोका. म्हणून "बाळ जरा मोठं होऊ दे, वजन भरू दे, मग बघू" हा सल्ला या दोषात चालत नाही. नातेवाइकांत असा सल्ला देणारा एक तरी वडीलधारा निघतोच. त्याला चहा द्या आणि बाळाला घेऊन निघा.

दुसरा दोष मला सविस्तर सांगायचाय तो महाधमनीच्या आकसण्याचा. महाधमनी हृदयातून वर येते, कमानीसारखी वळते, डोक्याला आणि हातांना फाटे देते आणि खाली उतरते. कमान संपते तिथेच, डक्टस जिथे जोडलेली असते त्याच्या आसपास, ती काही बाळांत दोरीनं आवळल्यासारखी अरुंद असते. इथे बाळ निळं होत नाही. डक्टस उघडी आहे तोवर खालच्या अंगाला तिच्यातून रक्त मिळतं. चौथ्या, पाचव्या, आठव्या दिवशी ती मिटते, तेव्हा बाळ घरी आलेलं असतं, कदाचित बारशाची यादी चालू असते. बाळ दूध सोडतं, धापा टाकतं, पाय गार पडतात, लघवी कमी होते. दवाखान्यात नेलं की पहिला संशय जंतुसंसर्गाचा, आणि तो रास्तच असतो, तशी बाळं जास्त असतात. पण प्रत्येक अशा बाळाच्या जांघेत बोट ठेवून नाडी बघायला अर्धा मिनिट लागतो. हाताची नाडी लागते आणि जांघेतली लागत नाही, की निदान निम्मं झालं. याला यंत्र नको, वीज नको, पैसे नकोत. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी यावरून बोलले आहे आणि अजून बोलते.

याच आजाराचं दुसरं रूप मोठ्या मुलांत सापडतं. अरुंदपणा कमी असला की मूल तगतं. मग शाळेत डोकं दुखतं, नाकाचा घोळणा फुटतो, धावलं की पायात गोळे येतात. डोकं दुखतं म्हणून चष्मा लागतो, पाय दुखतात म्हणून "वाढीचं वय आहे" म्हणतात. कुणी हाताचं ब्लड प्रेशर घेतलंच तर ते आजोबांच्या ब्लड प्रेशरशी स्पर्धा करत असतं, आणि पायाचं कमी. निरोगी माणसात पायाचं प्रेशर हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं. तेव्हा मुलाचं प्रेशर जास्त निघालं तर "पायाचं घेतलंत का?" एवढं विचारायला लाजू नका. मुलींमध्ये हा दोष असेल आणि उंची खुंटलेली असेल, तर टर्नर सिंड्रोम आहे का तेही पाहावं लागतं. यावरची पहिली ऑपरेशनं १९४४-४५ मध्ये झाली, स्टॉकहोममध्ये क्रॅफुर्ड यांनी आणि बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी. आता वय आणि जागा पाहून ऑपरेशन, फुगा किंवा स्टेंट यातलं ठरवतात. दुरुस्तीनंतरही प्रेशर जन्मभर तपासत राहावं लागतं, हे पुष्कळ घरं विसरतात.

या ग्रॉसचा एक किस्सा सांगते. १९३८ मध्ये तो बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात ज्युनिअर होता. जन्मानंतरही न मिटलेली डक्टस दोऱ्यानं बांधता येईल असं त्याचं म्हणणं. साहेबांचा विरोध. साहेब सुट्टीवर गेले आणि यानं सात वर्षांच्या मुलीची डक्टस बांधून टाकली. मुलगी बरी झाली. मोठ्या धमन्यांची शस्त्रक्रिया सुरू झाली ती अशी, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय. आमच्या कमिटीच्या तरुण सभासदांनी यातून भलता अर्थ काढू नये. आज ती उघडी डक्टस बहुतेकदा पायातल्या रक्तवाहिनीतून बटणासारखी छोटी वस्तू नेऊन बंद करतात, आणि मूल एकदोन दिवसांत घरी येतं.

आता अगदी दुर्मीळ. गर्भात पहिल्या आठवड्यांत आपल्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या धमन्यांच्या कमानींच्या जोड्या असतात. त्यातल्या बऱ्याच विरून जातात आणि डावी एक मोठी कमान उरते. काही बाळांत उजवीही विरत नाही. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्याभोवती धमन्यांचं कडं पडतं. बाळाचा श्वास घरघरतो, रडताना, दूध पिताना जास्त. घन खाणं सुरू केलं की घास अडकतो. अशी मुलं दमा म्हणून महिनोन्‌महिने वाफारे घेत राहतात. दम्याची शिट्टी श्वास सोडताना ऐकू येते, हा आवाज श्वास आत घेतानाही येतो, आणि जन्मापासून येतो. दम्याच्या औषधानं ढिम्म फरक न पडणारा तान्हेपणापासूनचा "दमा" असेल, तर एकदा कड्याचा विचार करा असं डॉक्टरांना म्हणा. सीटी स्कॅनमध्ये चित्र स्वच्छ दिसतं आणि कडं एका जागी तोडलं की काम होतं. आवाज मात्र काही महिने राहू शकतो, कारण दाबलेली नळी घट्ट व्हायला वेळ लागतो. तेव्हा ऑपरेशन फुकट गेलं असं समजून आईला बोल लावू नका.

एक असा दोष आहे की त्यात हृदयाला रक्त देणारी डावी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते. तीन लाखांत एखादं बाळ. दोनेक महिन्यांचं झालं की दूध पिताना कळवळतं, घामाघूम होतं, पांढरं पडतं. घरचे म्हणतात पोटात वायू झालाय, ओवा-हिंग लावा. ते असतं अंजायना, दोन महिन्यांच्या बाळाचं. साध्या ईसीजीत खूण सापडते. आणि धमनी वेळेत जागेवर लावली तर फुगून मंदावलेलं ते हृदय पुन्हा जोर धरतं, हे दृश्य माझ्या मते या शाखेतलं सगळ्यात सुखाचं.

आणखी एकात दोन नळ्या वेगळ्याच झालेल्या नसतात, एकच जाड खोड निघतं. त्याच्या ऑपरेशनात घातलेली नळी मूल वाढलं तरी वाढत नाही, म्हणून ती पुढे बदलावी लागते. त्या मुलांत कॅल्शियम कमी असणं, प्रतिकारशक्ती कमी असणं, बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेला असणं, हेही तपासतात. यावर एवढंच.

आता मला ज्यासाठी इथे उभं राहायचं होतं ते. बाळात दोष निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "हिनं काय केलं?" ग्रहणात भाजी चिरली का, पपई खाल्ली का, जिना चढली का, ऑफिसला जात राहिली का. मी ओपीडीत हे बायकांच्या तोंडून, सासवांच्या तोंडून आणि खूप शिकलेल्या नवऱ्यांच्याही तोंडून ऐकलंय. तर हिशेब बघा. सुरुवातीला हृदयातून एकच खोड निघतं. त्याच्या आत एक भिंत जिन्यासारखी पीळ घेत उतरते आणि त्याच्या दोन नळ्या करते. पीळ पडला नाही, भिंत सरळ उतरली, की अदलाबदल. हे सगळं गर्भधारणेपासून आठव्या आठवड्याच्या आत संपतं. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात विळीवर कांदा चिरल्यानं पाच महिन्यांपूर्वी बांधून झालेली भिंत कशी सरळ होईल? ज्या गोष्टींचा खरा संबंध आहे त्या वेगळ्या: आईला आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न, काही गुणसूत्रांचे दोष. आणि बहुतेक बाळांत यातलं काहीच सापडत नाही. मुलींना रुबेलाची लस द्या, दिवस राहण्याआधीपासून साखर ताब्यात ठेवा, फॉलिक ॲसिड सुरू करा, फिटची औषधं चालू असतील तर आधीच डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका. एवढं माणसाच्या हातात आहे. बाकीचं त्या आईच्या डोक्यावर ठेवू नका. टाके ओले असलेल्या बाईला आयसीयूच्या बाहेर बसून दूध काढायचं असतं, तेवढं पुरे.

व्याख्यानानंतर विचारलेले प्रश्न चांगले होते, म्हणून त्यातले काही इथे देते.

"सोनोग्राफी नॉर्मल होती, मग दोष कसा निघतो?" बी विंगमधल्या एका ताईंनी विचारलं. अदलाबदलीत चारही कप्पे अगदी व्यवस्थित असतात. नुसते कप्पे पाहून "हृदय नॉर्मल" लिहिलं, तर ते खोटंही नसतं. दोष दिसतो तो बाहेर पडणाऱ्या नळ्यांत. त्या निरोगी बाळात एकमेकींना ओलांडून जातात, अदलाबदलीत समांतर धावतात. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत "हृदयातून निघणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या पाहिल्या का?" असं विचारायला हरकत नाही. तरीही महाधमनीचा अरुंदपणा पोटात असताना निसटू शकतो. पोटातच कळलं, तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. हृदयाची सोय असलेल्या हॉस्पिटलात आईच्या पोटातून बाळ नेणं, हा रुग्णवाहिकेपेक्षा कितीतरी सुरक्षित प्रवास आहे.

"वाटेतच डक्टस मिटली तर?" ती उघडी ठेवणारं औषध आहे, प्रोस्टाग्लँडिन, शिरेतून थेंबाथेंबानं देतात. १९७० च्या दशकात आलं आणि त्यानं या बाळांचं नशीब पालटलं. त्यानं श्वास थांबू शकतो, म्हणून सोबत श्वासाची तयारी असलेली माणसं लागतात. खासगी गाडीत बाळाला मांडीवर घेऊन, सिग्नल तोडत निघू नका. आधी फोन करा, औषध सुरू करून, सोय असलेल्या रुग्णवाहिकेतून न्या.

"कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बाळाला लावला तर चालेल का?" आजोबांच्या बोटाचा तो चिमटा तान्ह्याला लागू पडत नाही, भलताच आकडा दाखवतो. नवजात बाळासाठी वेगळी पट्टी असते, ती तळव्याभोवती गुंडाळतात. जन्मानंतर २४ तास झाले की उजव्या हाताचं आणि एका पायाचं ऑक्सिजन मोजायचं. निदान एका ठिकाणी ९५ किंवा जास्त हवं आणि दोन्हींतला फरक तीनपेक्षा जास्त नको. ९० च्या खाली गेलं तर लगेच हृदयाची तपासणी, मधलं असलं तर तासाभरानं पुन्हा. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. अदलाबदल यात सहसा सापडते, महाधमनीचा अरुंदपणा काही वेळा निसटतो, म्हणून जांघेतली नाडी वेगळी बघायची.

"खर्चाचं काय?" वॉचमनच्या बायकोनं दारात उभं राहून हा प्रश्न विचारला, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार त्यात येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जन्मजात हृदयदोषांवरची अनेक ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी जा. आणि बाळाचा जन्मदाखला पहिल्या आठवड्यातच काढा. नाव ठरलेलं नसलं तरी दाखला मिळतो, बारशाची वाट पाहू नका.

"दुसऱ्या मुलालाही होईल का?" साधारण शंभरात दोनतीन वेळा होतो, म्हणजे सत्त्याण्णव वेळा नाही. पुढच्या खेपेला गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्यायची.

शेवटचा प्रश्न एका आजींचा. त्यांच्या नातवाची अदलाबदल दुरुस्त होऊन आठ वर्षं झाली, छातीवर उभी रेघ आहे, आणि सून त्याला खाली खेळायला सोडत नाही. आजींना मी त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टचा शेवटचा कागद आणायला सांगितला होता, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दाखवला. त्यावर खेळण्याला कुठलीही बंदी नव्हती. वर्षातून एकदा तपासणी, दात स्वच्छ ठेवायचे, दात काढायचा झाला तर आधी दाताच्या डॉक्टरांना हृदयाचं सांगायचं, एवढंच होतं. गणपतीत होणाऱ्या अंडरआर्म क्रिकेटसाठी मी स्वतः जाऊन त्याचं नाव लिहून आले आहे. सूनबाईंशी बोलणं अजून चालू आहे.